लिटरमागे नऊ

टपालखात्यात एकतीस वर्षं काढली की
हिशेब हाताला चिकटतो, डिंकासारखा.
म्हणून वही. निळ्या पुठ्ठ्याची.
तारीख, किलोमीटर, लिटर, पैसे.
एकोणनव्वदची मारुती, भावाकडून आलेली,
गणपतीपर्यंत सतरा द्यायची, कधी साडेसतरा.
दिवाळीला तेरा.
नाताळात नऊ.

भागाकार मी दोनदा करून पाहिला.

पास्कूने गॅरेजमागच्या माडाखाली
प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला:
चुलीवरच्या टोपाचं बूड.
"पेट्रोल जास्त, वारो कमी," म्हणाला,
आणि एअर फिल्टर दगडावर आपटला.
जांभ्याची लाल धूळ माझ्या चहात.
फिल्टर नवा घातला.
मग कार्बुरेटर उघडला, विडी लांब ठेवून
एकेक जेट तोंडाने फुंकला,
फ्लोटची सुई सावंतवाडीहून मागवली.
चोकची झडप बघितली:
उभी, सताड उघडी, मधल्या सुट्टीतल्या दारासारखी.
"चोक बरो आसा."

वहीत पुढची नोंद: आठ पूर्णांक आठ.

सकाळी गाडी एका चावीत उठायची.
मोचेमाडच्या घाटीत इंजिन तापलं
की गुदमरायची, खोकायची,
मागे काळा धूर, धुरामागे रिक्षावाल्याच्या शिव्या.
अंगाला, पदराला, भाताच्या घासालाही पेट्रोलचा वास.

यंत्र निर्दोष ठरलं की माणूस उरतो.
पंपावरचा लवेश गिरप, विशीतला,
कानात एक बाळी.
चार स्कूटर उभ्या असताना मी विचारलं,
"माप पुरतं देतोस ना?"
हरवलेल्या मनीऑर्डरीबद्दल पोस्टमनला विचारायचे
तोच आवाज.
तो मोठा करावा लागत नाही.
लवेशने आतून शिक्क्याचं पाच लिटरी माप आणलं,
भरून दाखवलं, रेघेला रेघ.
"आज बरोबर आहे," मी म्हटलं.
'आज' मी मुद्दाम घातलं होतं.

फेब्रुवारीत पास्कूला शिरोड्याला जायचं होतं,
मेहुण्याकडे, कुणाचं तरी सिलिंडर हेड घेऊन.
शेजारी बसला, हेड मांडीवर.
मी नेहमीसारखी पिशवी अडकवली
स्टिअरिंगखालच्या बटणाला:
चष्मा, वही, पाण्याची बाटली, दोन नारळ.
दाराचा कप्पा गणपतीत तुटला
तेव्हापासून तिची जागा तीच,
आणि गॅरेजात मी उतरले की तीही उतरते, खांद्यावर.

खड्डा आला. पिशवी झुलली.
बटण बोटभर बाहेर.
दुसरा खड्डा. अजून थोडं.
पास्कूने बघितलं, बोलला नाही.
घाटीच्या दुसऱ्या वळणावर, गाडी खोकायला लागली तेव्हा
त्याने हात लांब करून बटण आत ढकललं.
खोकला थांबला.
मग तो हसायला लागला, हेड सांभाळत,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
"बाई, गाडी खाणा नाय पेट्रोल.
पिशवी खाता."

पाच महिने मी तिचा गळा धरून घाट चढवत होते.
आणि चोर शोधायची वही
त्याच पिशवीत होती, नारळांच्या मधे.

परत येताना पिशवी मागच्या सीटवर.
मिठागरांपासून वाक्यं जुळवत आले होते,
तीन, कार्यालयीन पत्रासारखी.
पंपावर काच खाली केली, तर निघालं एवढंच,
"माझ्याच पिशवीमुळे होत होतं."
त्याला काय कळणार?
मी पुन्हा सुरुवात केली, झडपेपासून,
मागचा मोटरसायकलवाला हॉर्न देत राहिला,
नारळांपर्यंत आले तेव्हा लवेश म्हणाला, "आसांदे."

मी पैसे काढायला वळले,
मीटरकडे पाठ करून. मुद्दाम.
नोझल टाकीत घालून तो तसाच थांबला.
"बाई," म्हणाला, "झिरो बघा."

मी वळून बघितलं.